महापालिका कामगारांची सुरक्षा : प्रशिक्षण कोणाला आणि धोका कोणाला?

गटारे आणि मैलाटाक्या साफ करताना होणाऱ्या मृत्यूंबाबत केंद्रीय सामाजिक न्याय आणि अधिकारिता मंत्रालयाने करवून घेतलेल्या सामाजिक लेखापरीक्षणाचे निष्कर्ष जुलै २०२५ मध्ये संसदेसमोर मांडण्यात आले. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत देशभरात अशा १५० मृत्यूंची नोंद झाली होती. त्यांपैकी आठ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांच्या १७ जिल्ह्यांतील ५४ मृत्यूंची या पाहणीत छाननी करण्यात आली. ४९ कामगारांच्या अंगावर कोणतेही संरक्षक साधन नव्हते. ४७ प्रकरणांत यंत्रे अथवा सुरक्षा साधने पुरविण्यात आली नव्हती. कामासाठी आवश्यक ते प्रशिक्षण दिल्याचे आढळले ते अवघ्या एका प्रकरणात.

या आकडेवारीतील शेवटचा आकडा अधिक विचार करावयास लावणारा आहे. हातमोजे, मुखवटा, दोर किंवा वायुमापक ही साधने विकत घेता येतात आणि त्यांच्या खरेदीचा हिशेबही ठेवता येतो. प्रशिक्षणाचे तसे नाही. ते माणसाच्या ठायी असावे लागते, आणि नेमक्या त्या माणसाच्या ठायी, जो त्या दिवशी मॅनहोलचे झाकण उचलणार आहे. गेल्या काही वर्षांत महापालिका आणि नगरपालिकांमधून सुरक्षा प्रशिक्षणाचे अनेक कार्यक्रम राबविण्यात आले. तरीही मृत्यू पावलेल्यांपर्यंत ते पोहोचले नसतील, तर ते कोणापर्यंत पोहोचले, हा प्रश्न उपस्थित होतो.

कायद्याची चौकट

घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने नागरी स्थानिक स्वराज्य संस्थांना घटनात्मक दर्जा दिला. ही दुरुस्ती जून १९९३ पासून अमलात आली. तिच्याद्वारे जोडण्यात आलेल्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, मलनिःसारण आणि घनकचरा व्यवस्थापन या विषयांचा समावेश आहे. त्याच वर्षी हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेस आणि कोरड्या शौचालयांच्या बांधकामास बंदी घालणारा कायदा संसदेने संमत केला. मात्र त्या कायद्यात भूमिगत गटारांमध्ये उतरणाऱ्या कामगारांचा विचार पुरेसा झालेला नव्हता.

ही उणीव २०१३ च्या कायद्याने दूर केली. ६ डिसेंबर २०१३ पासून लागू झालेल्या या कायद्याच्या सातव्या कलमानुसार कोणतीही व्यक्ती, स्थानिक प्राधिकरण किंवा संस्था कोणालाही गटार अथवा मैलाटाकीच्या धोकादायक सफाईसाठी प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे कामास लावू शकत नाही. पहिल्या उल्लंघनास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा आहेत. त्यानंतरच्या उल्लंघनास ही मर्यादा पाच वर्षे व पाच लाख रुपये इतकी आहे. गटारसफाईसाठी योग्य ती यांत्रिक साधने वापरणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य असल्याचेही या कायद्यात नमूद आहे.

याच कायद्याखालील नियमांत संरक्षक साधनांची चाळीसहून अधिक नगांची यादी देण्यात आली आहे. अपवादात्मक परिस्थितीत माणूस उतरवावाच लागला, तर त्यासाठी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची कारणांसह लेखी परवानगी आवश्यक ठरते. काम सुरू होण्यापूर्वी आतील हवेची तपासणी व्हावी, जागेवर किमान तीन कर्मचारी हजर असावेत व त्यांपैकी एक पर्यवेक्षक असावा, कामगाराचा किमान दहा लाख रुपयांचा विमा असावा, अशा तरतुदीही त्यात आहेत.

कायद्यातील ‘धोकादायक सफाई’ या शब्दप्रयोगाचा अर्थ येथे लक्षात घ्यावा लागतो. मालकाने संरक्षक साधने पुरविली नाहीत आणि सुरक्षेची खबरदारी पाळली जाईल याची निश्चिती केली नाही, अशा स्थितीतील सफाई म्हणजे धोकादायक सफाई, अशी ही व्याख्या आहे. म्हणजेच खबरदारी घेतली गेली की नाही, यावर ते काम गुन्हा ठरणार की नाही हे अवलंबून आहे. ही खबरदारी घेणारा माणूस प्रशिक्षित नसेल, तर साधने गाडीत असूनही ती न वापरल्यासारखीच ठरतात.

नाकावर विसंबणे धोक्याचे

गटारसफाईच्या कामाला प्रशिक्षणाची गरज काय, हा प्रश्न अनेकदा विचारला जातो. वर्षानुवर्षे हेच काम करणाऱ्या कामगारांना अनुभवाने सर्व काही ठाऊक असते, असा समज त्यामागे असतो. या विशिष्ट धोक्याच्या बाबतीत मात्र अनुभव आणि सामान्य समज दोन्ही फसवे ठरतात.

भूमिगत गटारात सेंद्रिय पदार्थ कुजून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होतो. तो हवेपेक्षा जड असल्याने खोलगट भागात साचून राहतो. अल्प प्रमाणात असताना त्याला सडलेल्या अंड्यासारखी दुर्गंधी येते. परंतु हवेच्या दहा लाख भागांत त्याचे प्रमाण शंभर भागांच्या आसपास गेले की काही मिनिटांतच घ्राणेंद्रिय बधिर होते आणि वास येणे थांबते. अनुभवी कामगार वास गेला म्हणजे हवा मोकळी झाली असे समजतो. प्रत्यक्षात त्याच वेळी धोका वाढत असतो. प्रमाण पाचशे भागांच्या पुढे गेल्यास माणूस अल्पावधीत बेशुद्ध होतो आणि त्याहून अधिक प्रमाणात काही श्वासांतच मृत्यू ओढवू शकतो.

मिथेन वायूला स्वतःचा वास नाही, पण हवेत तो सुमारे पाच टक्के मिसळला की स्फोटक मिश्रण तयार होते. साध्या हवेत प्राणवायूचे प्रमाण सुमारे २०.९ टक्के असते. ते १९.५ टक्क्यांखाली गेले की ती जागा प्राणवायूच्या दृष्टीने अपुरी मानली जाते. हे प्रमाण डोळ्यांनी दिसत नाही आणि श्वास कोंडल्याची जाणीव होईपर्यंत शिडी चढण्याची ताकद उरलेली नसते. तोंडाला ओला रुमाल बांधणे किंवा साधा कापडी मुखवटा लावणे हे उपाय या वायूंपुढे निरुपयोगी आहेत. आत आगपेटीची काडी पेटवून पाहणे तर थेट स्फोटाला आमंत्रण देणारे आहे.

दुसरा धोका माणुसकीतून उद्भवतो. आतला साथीदार कोसळलेला पाहून वरचा माणूस त्याला वाचविण्यासाठी तसाच उतरतो. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक राष्ट्रीय संस्थेने १९८६ मध्ये असे निदर्शनास आणले होते की, बंदिस्त जागांतील दुर्घटनांत मरण पावणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण हे बचावासाठी धावलेले असतात. एप्रिल २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यातील विरार येथे एका खाजगी सांडपाणी प्रक्रिया केंद्राची सफाई करताना चार कामगारांचा मृत्यू झाला. आत गेलेल्याकडून प्रतिसाद मिळेना म्हणून सहकारी मागोमाग उतरले आणि चौघेही दगावले. देशातील अशा दुर्घटनांच्या बातम्यांत हाच क्रम पुन्हा पुन्हा आढळतो.

म्हणूनच वर उभ्या असलेल्या माणसाने उतरावयाचे नाही, हा बंदिस्त जागेतील कामाच्या प्रशिक्षणाचा पहिला धडा असतो. तिपाईवरील कप्पी, पट्टा आणि दोर यांच्या साहाय्याने वरूनच ओढून काढणे हा बचावाचा मार्ग आहे. ही कृती सरावानेच अंगवळणी पडते. सहकारी डोळ्यांदेखत गुदमरत असताना वर थांबून दोर ओढणे हे कोणालाही उपजत सुचणारे नाही.

कारखान्याच्या भिंतीबाहेरचा कामगार

भारतात औद्योगिक सुरक्षेची परंपरा नवी नाही. बंदिस्त जागेत, टाकीत किंवा खड्ड्यात विषारी वायूची शक्यता असताना कामगाराला उतरविण्यासंबंधीची खबरदारी १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३६ व्या कलमात तपशिलाने दिलेली होती. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना ४ मार्च १९६६ रोजी झाली आणि तो दिवस राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. मुंबईत शीव येथे असलेल्या केंद्रीय श्रम संस्थेने अनेक दशके कारखान्यांतील सुरक्षा अधिकारी घडविले.

ही सर्व व्यवस्था मुख्यत्वे कारखाना, खाण, गोदी आणि बांधकाम यांच्याभोवती उभी राहिली. शहराचा रस्ता, गल्लीतील मॅनहोल किंवा कचराकुंडी यांची गणना कारखान्यात होत नसल्याने पालिकेचा सफाई कामगार तिच्या परिघाबाहेर राहिला. रसायनांच्या कारखान्यात टाकीत उतरणाऱ्यासाठी वायुतपासणी आणि प्रवेशपरवाना ही नित्याची बाब असताना, त्याच कारखान्याबाहेरील रस्त्यावर तसाच वायू असलेल्या गटारात माणूस कमरेला दोर बांधून उतरत होता. कामाचा धोका सारखाच होता, फरक मालकाच्या प्रकारात होता.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तेरा जुन्या कायद्यांचे एकत्रीकरण करणाऱ्या या संहितेने दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी सुरक्षेची समान चौकट मांडली आहे. नियुक्तिपत्र देणे आणि विहित कामगारांची वार्षिक आरोग्य तपासणी विनामूल्य करणे यांसारख्या तरतुदी स्वागतार्ह आहेत. आपल्या कामातील धोक्यांची माहिती मालकाकडून मिळविण्याचा हक्कही कामगाराला मिळाला आहे.

तथापि सफाई कामगारांच्या दृष्टीने संहितेतील दोन मुद्दे काळजीपूर्वक पाहावे लागतील. पहिला मुद्दा कंत्राटी कामाचा आहे. आस्थापनेच्या मुख्य कामासाठी कंत्राटी कामगार लावण्यास संहिता मनाई करते. मात्र मुख्य काम म्हणजे काय हे सांगताना स्वच्छतेची कामे, झाडलोट आणि कचऱ्याची विल्हेवाट ही सर्वसाधारणपणे त्यातून वगळलेली आहेत. ती आस्थापना त्याच कामासाठी स्थापन झालेली असेल तरच हा अपवाद लागू होत नाही. स्वच्छता हे नगरपालिकेचे मुख्य काम मानावयाचे की नाही, यावर पुढील काळात मतभेद होण्याची शक्यता आहे. दुसरे असे की, कंत्राटी कामगारांविषयीचे प्रकरण ५० किंवा अधिक कामगार लावणाऱ्या कंत्राटदारांना लागू होते. मैलाटाकी उपसणारा कंत्राटदार अनेकदा तीन-चार माणसांनिशी काम करतो. २०१३ च्या कायद्याला मात्र कामगारांच्या संख्येची अशी अट नाही आणि त्यामुळे त्याचे महत्त्व संहितेनंतरही कायम आहे.

शासनाचे प्रयत्न

केंद्र शासनाने या विषयाकडे दुर्लक्ष केले, असे म्हणता येणार नाही. केंद्रीय गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाच्या अखत्यारीतील केंद्रीय सार्वजनिक आरोग्य व पर्यावरण अभियांत्रिकी संघटनेने नोव्हेंबर २०१८ मध्ये गटारे आणि मैलाटाक्यांच्या सफाईसाठी प्रमाणित कार्यपद्धती प्रसिद्ध केली. १९ नोव्हेंबर २०२० या जागतिक शौचालय दिनी ‘सफाईमित्र सुरक्षा चॅलेंज’ या उपक्रमाचा प्रारंभ २४३ शहरांमध्ये झाला. ही सफाई पूर्णतः यांत्रिक करण्याचे उद्दिष्ट त्यात ठेवण्यात आले होते. तक्रारी व सूचनांसाठी १४४२० हा मदत क्रमांकही सुरू करण्यात आला.

त्यानंतर २०२३ मध्ये ‘नमस्ते’ ही योजना सुरू झाली. सामाजिक न्याय आणि नागरी व्यवहार या दोन मंत्रालयांच्या या संयुक्त योजनेसाठी २०२३-२४ ते २०२५-२६ या तीन वर्षांकरिता सुमारे ३४९ कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. देशातील ४,८०० हून अधिक नागरी स्थानिक संस्था तिच्या कक्षेत आणण्यात आल्या. गटार व मैलाटाकी कामगारांची नोंदणी, व्यावसायिक सुरक्षा प्रशिक्षण, संरक्षक साधनांचे संच, आयुष्मान भारत योजनेखाली आरोग्यविमा आणि आपत्कालीन प्रतिसाद पथके हे तिचे प्रमुख घटक होते. २०२५ च्या मध्यापर्यंत सुमारे ८५ हजार गटार व मैलाटाकी कामगारांची पडताळणी पूर्ण झाल्याची माहिती शासनाने संसदेत दिली. कचरावेचकांचा समावेशही २०२४ मध्ये या योजनेत करण्यात आला.

कामगारांची नावनिशीवार नोंद होणे ही या योजनेची महत्त्वाची जमेची बाजू होय. ज्याचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नाही, त्याला प्रशिक्षण देता येत नाही, विमा देता येत नाही आणि मृत्यूनंतर त्याच्या कुटुंबाला भरपाई मिळवून देणेही कठीण होते.

हजेरीपट आणि कंत्राटाची साखळी

सामाजिक लेखापरीक्षणातील आणखी एक निष्कर्ष येथे विचारात घेणे आवश्यक ठरते. छाननी झालेल्या ५४ मृतांपैकी केवळ पाच जण शासकीय वेतनपटावर होते. ३८ जणांना व्यक्तिगतरीत्या काम सांगून आणण्यात आले होते. याचा सरळ अर्थ असा की, महापालिकेने आपल्या वेतनपटावरील सर्व कर्मचाऱ्यांना उत्तम प्रशिक्षण दिले असते, तरी यांतील बहुतेकांना त्याचा लाभ झाला नसता.

नागरी प्रशासनात गेल्या तीन दशकांत झालेला बदल यामागे आहे. कायम सफाई कामगारांच्या जागा निवृत्तीनंतर रिक्त राहू लागल्या आणि कामे निविदा काढून बाहेर सोपविली जाऊ लागली. प्रमुख कंत्राटदाराकडून पोटकंत्राटदाराकडे आणि तेथून नाक्यावरून आणलेल्या मजुराकडे काम सरकत जाते. या प्रवासात पैसा प्रत्येक टप्प्यावर कमी होतो, तर धोका आहे तेवढाच शेवटच्या माणसाच्या वाट्याला येतो. खाजगी गृहनिर्माण संस्था, उपाहारगृहे आणि मॉल यांच्या मैलाटाक्यांच्या बाबतीत तर पालिका या साखळीत कोठेच नसते. काम देणाऱ्या संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना कायद्याची माहिती नसते आणि काम घेणाऱ्याला नकार देणे परवडत नाही.

न्यायालयांनी या साखळीची दखल घेतली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी, १९९३ पासून गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबीयांना दहा लाख रुपये भरपाई देण्याचे निर्देश दिले. मुंबईत गोवंडी येथील खाजगी गृहनिर्माण संस्थेच्या मैलाटाकीत २०१९ च्या डिसेंबरात तीन कामगार दगावले होते. त्यांच्या पत्नींना ही रक्कम देण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये दिला. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची रक्कम ३० लाख रुपयांवर नेली आणि कायमचे अपंगत्व आल्यास किमान २० लाख रुपये देण्यास सांगितले. कंत्राटी कामात मृत्यू झाल्यास कंत्राट तत्काळ रद्द करून आर्थिक दायित्व निश्चित करण्याची यंत्रणा असावी, असा निर्देशही याच निकालात आहे. २९ जानेवारी २०२५ रोजी न्यायालयाने दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू आणि हैदराबाद या सहा महानगरांत हाताने गटारसफाई करण्यास मनाई केली.

तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाच्या प्रवेशद्वाराबाहेर संरक्षक साधनांविना गटारसफाई होत असल्याचे निदर्शनास आले. त्याबद्दल दिल्लीच्या सार्वजनिक बांधकाम विभागाला पाच लाख रुपये भरण्याचा आदेश न्यायालयाने दिला. कायद्याचे सर्वोच्च व्यासपीठ आणि मॅनहोल यांच्यात काही पावलांचेच अंतर असूनही नियम तेथपर्यंत पोहोचला नव्हता.

प्रशिक्षण मुकादमालाही हवे

प्रशिक्षणाचा विचार करताना आपल्याकडे समोर बसविला जातो तो कामगार. प्रत्यक्षात माणसाला खाली उतरविण्याचा निर्णय कामगार घेत नाही. महाराष्ट्रात तो मुकादम घेतो, त्याला स्वच्छता निरीक्षक किंवा कनिष्ठ अभियंता सूचना देतो, आणि त्याच्यावर तुंबलेल्या गटाराची तक्रार संध्याकाळपर्यंत निकाली काढण्याचा दबाव असतो. दक्षिणेत मेस्त्री आणि उत्तरेत जमादार ही भूमिका बजावतात. पदनामे वेगळी असली तरी व्यवहार सारखाच आहे. धोका ओळखून काम थांबविण्याचे प्रशिक्षण आणि अधिकार या मधल्या फळीला नसतील, तर कामगाराला दिलेल्या व्याख्यानाचा उपयोग मर्यादित राहतो.

सुरक्षित सफाईची किंमत अंदाजपत्रकात धरली आहे की नाही, हे निविदा तयार करणारा लिपिक व लेखाधिकारी ठरवितात. कंत्राटाचा दर सर्वात कमी असावा, एवढीच अट असेल, तर वायुमापक, तिपाई, तिसरा माणूस आणि प्रशिक्षणाचा दिवस यांचा खर्च प्रथम वगळला जातो. त्यामुळे सुरक्षेचा धडा लेखाविभागालाही तितकाच आवश्यक आहे. स्वच्छता निरीक्षकांचा अभ्यासक्रम चालविणाऱ्या अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेसारख्या, १९२६ पासून कार्यरत असलेल्या संस्थांची भूमिका या बाबतीत महत्त्वाची ठरू शकते.

भाषेचा प्रश्नही दुर्लक्षून चालणार नाही. मोठ्या शहरांत हे काम करणारे मजूर अनेकदा दुसऱ्या राज्यांतून आलेले असतात. प्रशासकीय इंग्रजीत किंवा संस्कृतप्रचुर हिंदी-मराठीत छापलेली पुस्तिका त्यांच्या उपयोगाची नाही. हे काम शिकविण्याची खरी पद्धत प्रात्यक्षिकाची आहे. वायुमापकाचा भोंगा प्रत्यक्ष ऐकणे, पट्टा स्वतः बांधणे आणि पुतळ्याला दोराने वर ओढून पाहणे यांची जागा सभागृहातील चित्रफीत घेऊ शकत नाही.

यंत्रे आली, तरीही

यांत्रिकीकरण हाच अंतिम उपाय आहे, याबाबत आता सर्वसाधारण एकमत आहे. हैदराबादच्या पाणीपुरवठा व मलनिःसारण मंडळाने २०१७ मध्ये अरुंद गल्ल्यांत जाऊ शकणारी ७० लहान जेटिंग यंत्रे रस्त्यावर आणली. पुण्यात मुख्यालय असलेल्या दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री या संघटनेचा त्यात सहभाग होता. दिल्लीने २०१९ मध्ये २०० यंत्रांसह तसाच प्रयोग केला. केरळमधील तरुण अभियंत्यांनी तयार केलेला ‘बँडिकूट’ हा यंत्रमानव २०१८ मध्ये तिरुवनंतपुरम येथे प्रथम वापरात आला.

ओडिशाने २०२० मध्ये ‘गरिमा’ योजनेद्वारे धोकादायक सफाईकाम करणाऱ्यांचे कामाचे तास सहापर्यंत मर्यादित केले. बंगळुरूमध्ये मे २०२५ मध्ये १२ हजारांहून अधिक पौरकार्मिकांना कायम नियुक्तीची पत्रे देण्यात आली. ही दोन्ही पावले वरवर प्रशिक्षणाशी संबंधित वाटत नाहीत. परंतु कामगार उद्या तेथेच असणार आहे, याची खात्री असेल तरच त्याला शिकविण्यात संस्थेला स्वारस्य असते आणि शिकलेले टिकून राहते.

यंत्रे मात्र प्रशिक्षणाची गरज संपवीत नाहीत, तिचे स्वरूप बदलतात. उच्च दाबाचा पाण्याचा फवारा हाताळणे हे स्वतःच जोखमीचे काम आहे. यंत्र बंद पडले, गाडी गल्लीत शिरली नाही किंवा दगडमातीचा घट्ट थर फुटला नाही, की जुन्या सवयीने माणूसच उतरतो. अशा वेळी काम थांबवून पर्यायी यंत्राची वाट पाहणे हे शिकविले गेले नसेल, तर यंत्र रस्त्यावर उभे असतानाही दुर्घटना होऊ शकते.

जमिनीवरचे धोके

महापालिकेच्या सेवेतील धोके केवळ भूमिगत नाहीत. पहाटे वाहत्या रस्त्यावर झाडू मारणारी महिला, हाताने कचरा भरणारा कामगार, डासनाशक फवारणारा कर्मचारी आणि दिव्याच्या खांबावर चढणारा वीजतंत्री यांच्यापैकी प्रत्येकासमोरील जोखीम वेगळी आहे. वर्गीकरण न केलेल्या कचऱ्यातील फुटकी काच आणि वापरलेल्या सुया यांपासून होणारी इजा हा त्यांतील नित्याचा प्रकार होय. कचरा हाताळणाऱ्यांना गणवेश, चमकणारे जाकीट, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणे आणि मुखवटा पुरविला जाईल, हे पाहण्याची जबाबदारी २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी स्थानिक संस्थांवर टाकली होती.

वाढत्या उन्हाळ्याने यात नवी भर घातली आहे. २०१० च्या तीव्र उष्म्यानंतर अहमदाबाद महापालिकेने २०१३ मध्ये उष्माघात प्रतिबंधक कृती आराखडा तयार केला आणि पुढे अनेक शहरांनी त्याचे अनुकरण केले. दुपारच्या पाळीत काम करणाऱ्या सफाई कामगाराला उष्माघाताची पहिली लक्षणे ओळखता येणे, हाही आता सुरक्षा प्रशिक्षणाचा भाग मानावा लागेल. येथेही प्रश्न तोच आहे. लक्षण ओळखल्यावर सावलीत बसण्याची मुभा नसेल आणि त्या तासाची मजुरी कापली जाणार असेल, तर ते ज्ञान वापरता येत नाही.

नकाराचा अधिकार

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जून २०२२ मध्ये सुरक्षित व आरोग्यपूर्ण कार्यस्थळ हे कामगारांच्या मूलभूत हक्कांमध्ये समाविष्ट केले. या संघटनेच्या १९८१ च्या १५५ व्या करारातील तेराव्या अनुच्छेदानुसार, जिवाला तत्काळ आणि गंभीर धोका असल्याचे रास्त कारण असताना काम सोडून बाजूला होणाऱ्या कामगारावर कारवाई होऊ नये, असे संरक्षण अभिप्रेत आहे. भारताच्या नव्या संहितेत कामगाराला असा धोका मालकाच्या आणि त्याच वेळी निरीक्षकाच्या निदर्शनास आणून देता येतो. मालकाची खात्री पटल्यास त्याने तत्काळ उपाय योजावयाचे आहेत. मात्र काम नाकारून दूर होण्याचा अधिकार त्यात स्पष्ट शब्दांत आलेला नाही. राज्यांचे नियम आणि महापालिकांचे स्थायी आदेश यांतून ही त्रुटी भरून काढता येण्याजोगी आहे.

या दिशेने काही उपाय स्थानिक पातळीवर नव्या कायद्याची वाट न पाहता योजता येतील. कारखान्यांप्रमाणे प्रत्येक मॅनहोलसाठी त्या दिवसाचा लेखी प्रवेशपरवाना असावा आणि वायुतपासणीचे आकडे त्यावर नोंदविले जावेत. निविदेत सुरक्षेचा खर्च स्वतंत्र बाब म्हणून दाखवावा, जेणेकरून स्पर्धेत तो कापला जाणार नाही. प्रशिक्षणाचे ओळखपत्र कामगाराच्या नावाचे असावे आणि कंत्राटदार बदलला तरी ते त्याच्याजवळ राहावे. खाजगी संस्थांना मैलाटाकी साफ करून घेण्यापूर्वी पालिकेला कळविणे बंधनकारक करावे आणि नोंदणीकृत चमूच पाठविला जावा. थोडक्यात, प्रशिक्षण नोकरीशी न जोडता कामाशी जोडले गेले पाहिजे. वेतन कोण देतो याचा विचार न करता, खाली उतरणारा आणि त्याला उतरविणारा असे दोघेही त्या कामासाठी पात्र असल्याची खात्री स्थानिक प्राधिकरणाने केली पाहिजे.

आर्थिक दृष्टीनेही हा हिशेब अवघड नाही. एका मृत्यूची भरपाई आता ३० लाख रुपये आहे. एवढ्या रकमेत संपूर्ण प्रभागातील चमूंसाठी वायुमापक, तिपाई आणि सराव यांची व्यवस्था होऊ शकते. भरपाईने कुटुंबाला आधार मिळतो, गेलेला माणूस परत येत नाही.

लेखापरीक्षणातील ५४ पैकी एका प्रकरणात आवश्यक प्रशिक्षण देण्यात आले होते, तरीही तो मृत्यू टळला नाही, हेही विसरता येत नाही. साधने, देखरेख आणि नकाराची मुभा यांच्यावाचून एकटे प्रशिक्षण पुरे पडत नाही, असाच त्याचा अर्थ होतो. प्रशिक्षित कर्मचाऱ्यांच्या एकूण संख्येवरून या कार्यक्रमांचे यश मोजण्याची पद्धत रूढ आहे. यापुढे प्रत्येक शहराने आणखी एक आकडा जाहीर करणे उचित ठरेल, तो म्हणजे वर्षभरात आवश्यक खबरदारी नसल्याच्या कारणास्तव किती वेळा काम थांबविण्यात आले. हा आकडा शून्य असेल, तर प्रशिक्षण अद्याप मॅनहोलपर्यंत पोहोचलेले नाही, असे समजण्यास हरकत नाही.